भिकनची डावी बाजू

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा मी नववीत होते, आणि त्यांना हात लावणारी पहिली मुलगी मीच. पहिला मुलगासुद्धा माझ्यानंतर. हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे आणि सरांनी बघायच्या आत खालीही घ्यायचे. नववीत काय झालं कोण जाणे, वर गेलेला हात खाली यायचं नावच घेईना.

दोन कॉम्प्युटर होते, सरकारी योजनेतून थर्मोकोलच्या खोक्यांत आलेले. नकाशे ठेवायची खोली रिकामी करून ते तिथे बसवले, खिडक्यांना निळे पडदे लावले आणि दाराबाहेर पाटी लागली, चपला बाहेर काढाव्यात. आहेर सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. मुंबईला जाऊन ते कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि आल्यापासून त्या खोलीत कुणी आजारी निजलंय असे दबक्या पावलांनी वावरायचे. मुलं त्या खोलीला मठ म्हणायची. चित्र दिसायला एक छोटा टीव्ही आणि केलेलं काम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर भरायचा. ती कॅसेट घरच्या टेपवर लावली तर डबक्यातल्या बेडकांसारखी ओरडते, हे मी करून पाहिलंय आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

माझी जोडीदार नूरबानो. ती आकडे वाचायची, मी टाइप करायचे. तिचा आवाज खणखणीत, माझी बोटं भराभर. सर म्हणायचे, तुम्हा दोघींचं मिळून एक चांगलं यंत्र होतं.

डिसेंबरात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आम्हाला काम मिळालं चित्राचं.

"चित्र म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"ठिपके," मी म्हणाले.

"मग अडचण काय?"

"ठिपके लय झाले आणि याचं डोकं छोटं," नूरबानो म्हणाली. "आमच्या सलाउद्दीनसारखं." सलाउद्दीन तिचा धाकटा भाऊ.

सर हसू दाबत फळ्याकडे वळले. चौकोन आखले, काही भरले, काही मोकळे ठेवले. प्रत्येक ठिपका वेगळा सांगत बसायचं नाही, ते म्हणाले. 'सात पांढरे, तीन काळे, पुन्हा नऊ पांढरे' असं सांगायचं. सारखे ठिपके जितके शेजारी शेजारी येतील तितके आकडे कमी, तितकं चित्र लहान. मग त्यांनी एक वाक्य सांगितलं ते माझ्या डोक्यात रुतून बसलं.

"पुढे काय येणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला ते सांगावं लागत नाही. चित्र लहान करणं म्हणजे एवढंच."

ताजमहाल सगळेच करतील, तुम्ही माणसांचा फोटो करा, असंही ते म्हणाले. त्या दिवशी जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं, हातवारे करून, भाताची शितं उडवत. बाबा दमलेले होते. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने यायचे आणि जेवताना फक्त हुंकार द्यायचे. आई म्हणाली, "आधी घास गिळ, मग विमान उडव." सुमनआत्या मात्र पोळी तोडायची थांबली होती.

"फोटू टीव्हीवर मोठा दिसंल का गं?"

"दिसेल की."

ती उठली, हात धुतला, आणि तिच्या पत्र्याच्या पेटीतून भिकनचा फोटो घेऊन आली.

भिकन म्हणजे आत्याचा मुलगा. आठ वर्षांचा होऊन तापाने गेला. मी त्याच्याहून वर्षभराने लहान. मला त्याचं शीळ घालणं आठवतं आणि एकदा त्याने माझ्या फ्रॉकच्या खिशात जिवंत टोळ टाकला होता तो आठवतो. चेहरा आठवत नाही. त्याच्या आधी आत्याला दोन मुली झाल्या होत्या, दोन्ही बारशाच्या आधीच गेल्या. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून शेजारच्या जैतुनबींच्या पदरात टाकलं आणि मग आत्याने पदर पसरून त्यांच्याकडून त्याला मागून घेतलं. भीक मागून आणलेलं पोर, ते आपलं नाही, असं वाटून मरणाने त्याच्याकडे बघू नये म्हणून. बाबांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. आपण हे नवस-तोडगे सगळं सोडून आलो ना, असं ते आत्याला म्हणाले होते म्हणे. आत्या म्हणाली होती, "दोन गेल्यावर समदं सोडता येत नाय दादा."

जैतुनबी म्हणजे नूरबानोची दादी. सातपूरला आत्याचं आणि त्यांचं दार शेजारी शेजारी होतं. पुढे काका, म्हणजे आत्याचे यजमान, वारले, आत्या इंदिरानगरला आमच्याकडे राहायला आली, पण दोघींचं जाणंयेणं सुटलं नाही.

मागून आणलेल्या मुलाचे नियम असतात. आत्याचा एक नियम होता, बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचा फोटो काढायचा नाही. भिकनला ते पक्कं ठाऊक होतं. तिसरीत वर्गाचा फोटो काढायला माणूस आला, बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. बाईंचं ऐकायचं की आईचं? त्याने दोघींचं ऐकलं. अगदी कडेला उभा राहिला आणि फोटोवाल्याने 'रेडी' म्हटल्यावर अर्धं पाऊल बाजूला सरकला. घरी येऊन आत्याला म्हणाला, "आई, मी अर्धाच गेलो."

त्याच पावसाळ्यात तो पूर्ण गेला.

तर हा फोटो. अंगणात तीन ओळींत मुलं, मागे शाळेची भिंत, आणि उजव्या काठावर भिकन. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी जिवणी, एक खांदा. बाबांनी एकदा स्टुडिओत देऊन तो मोठा करून आणला होता. अर्धा भिकन मोठा होऊन आला, इतकंच.

"विशे," आत्या मला म्हणाली. ती मला नेहमी विशे म्हणते, विशाखा म्हणायला तिला सवड नसते. "त्याची डावी बाजू ध्यानात येत नाय आता. पयल्यांदा डोळे मिटले की समदा यायचा. आता एवढाच येतो, फोटूतला. या फोटूनं माझ्या डोक्यातलं पोरगं बी अर्धं केलं."

मी नववीतली हुशार मुलगी होते. मी म्हणाले, "आत्या, नसलेलं कसं दिसेल? यंत्र आहे ते."

"दिसंल तेवढं बघू," ती म्हणाली.

नूरबानोने आणि मी फोटोवर आखलेला पारदर्शक कागद ठेवून ठिपके मोजले. ओळीने. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जसं सगळे करतात. आणि यंत्राचं डोकं भरलं. जागा संपली, असं इंग्रजीत लिहून ते गप्प बसलं. वर्गाच्या फोटोत डोकी, बटणं, मोजे, सारखं काळं-पांढरं-काळं-पांढरं. आकडे कमी होण्याऐवजी वाढले होते.

मग मला एक गोष्ट सुचली आणि ती आत्याच्या मांडीकडे बघताना सुचली. ती क्रोशाचा रुमाल विणत होती. क्रोशा ओळीने जात नाही. मधे सहा साखळ्यांचं एक कडं, मग त्याच्याभोवती फेरी, मग तिच्याभोवती. आणि प्रत्येक टाका खालच्या दोन टाक्यांच्या मधल्या फटीत बसतो. एकावर एक नाही, विटांच्या भिंतीसारखा.

ठिपके असे मांडले तर? एक मधला, त्याला चिकटून सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा. चेहरा मधे धरला तर एका फेरीत सगळं केस, एका फेरीत सगळं गाल. सारखे ठिपके एकत्र येणारच.

सरांनी माझ्या कागदावरच्या फेऱ्या बोटाने मोजल्या. "मांडणी बदलायची," ते म्हणाले. "चित्र तेच, चालायची वाट वेगळी. कर."

नवा कागद आखायला आमचा आख्खा रविवार गेला. मधला ठिपका कुठे धरायचा यावर वाद झाला. नूरबानो म्हणाली, फोटोच्या बरोबर मधे धर, तिथे तो नाकात बोट घातलेला जाड्या मुलगा आहे. पण मी आत्याला शब्द दिल्यासारखा होता. मी भिकनचा डोळा मधे धरला.

"पण तो काठावर आहे," नूरबानो म्हणाली. "अर्ध्या फेऱ्या फोटोच्या बाहेर जातील. तिथे काय लिहायचं?"

"तिथे काहीच नाही. सगळं पांढरं."

"म्हणजे फुकटचे आकडे कमी. चीटिंग आहे ही."

"अक्कल आहे ही," मी म्हणाले.

प्रत्येक फेरीचा फोटोबाहेरचा भाग आम्ही एका आकड्यात उरकला. इतके पांढरे, झालं. या वेळी सगळं यंत्राच्या डोक्यात मावलं. दिवाळीच्या सुट्टीला आठवडा असतानाचा शनिवार, शाळा सकाळची सुटून गेलेली. पटांगणात शिपाई वाढलेलं गवत उपटत होते आणि त्याचा वास पडद्यातून आत येत होता. मी बटण दाबलं.

आमचं यंत्र चित्र हळूहळू काढायचं. आधी एक काळा ठिपका आला. तो डोळा. त्याच्याभोवती फेरी फिरली, मग आणखी एक. पापणी झाली, भुवई झाली, नाकाची कड. भिकन आतून बाहेर उमलत होता. मला इतका आनंद झाला की मी नूरबानोच्या पाठीत गुद्दा मारला.

ती टीव्हीच्या उजव्या भागाकडे बघत होती.

तिथे पांढरं यायला हवं होतं. तिथे नाकाची दुसरी बाजू आली. मग गाल. मग एक डोळा, पहिल्यापेक्षा किंचित बारीक.

"उलटं कॉपी झालंय," मी म्हणाले. "आरशासारखं. प्रोग्रॅममध्ये वजाचं चिन्ह चुकलं असेल."

"मग भुवई बघ," नूरबानो म्हणाली.

उजवी भुवई सलग होती. डाव्या भुवईत मधोमध एक ठिपका पांढरा होता.

आम्ही सगळे आकडे पडद्यावर काढून पुन्हा वाचले. ती कागदावरून, मी पडद्यावरून. चूक नव्हती. जिथे पांढरे सांगितले होते तिथे पांढरेच होते. सरांना बोलावलं. त्यांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, मग दुसऱ्या यंत्रावर कॅसेट चढवली. तिथेही तोच चेहरा, तीच तुटकी भुवई. सर म्हणाले, मेमरीत आधीचं काहीतरी उरलं असेल. मग स्वतःच म्हणाले, पण आधी इथे होतं काय? मागच्या आठवड्यात तर आपण पाढे केले.

जाताना त्यांनी काम नव्या कॅसेटवर भरायला सांगितलं. भरून झाल्यावर मी टेपरेकॉर्डरवरचा आकडा पाहिला. पट्टी आधीपेक्षा कमी लागली होती. चित्र वाढलं होतं आणि आकडे घटले होते.

सोमवारी नूरबानो मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं काहीही न खाता बसून राहिली. "दादीला विचारलं मी," ती म्हणाली. "नुसतं विचारलं, भिकनच्या चेहऱ्यावर काही खूण होती का. दादी म्हणाली, हां, भँव तुटी हुई थी, डब्याचा पत्रा लागला होता. मग मला म्हणाली, तुला कुणी सांगितलं? वो गया तब तू इत्ती सी थी."

मला कुणी सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

आत्याला दाखवायचं की नाही, यावर मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. तिला तो पूर्ण बघायचा होता आणि तो पूर्ण होता. सुट्टीत सर सकाळी प्रदर्शनाच्या तयारीला यायचे. त्यांनी परवानगी दिली. आत्या ठेवणीतली अंजिरी साडी नेसली, मी तिच्या केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला, आणि आम्ही बसने गेलो. नूरबानो फाटकाशी उभी होती. मठाच्या दारात आत्याने चपला काढल्या आणि पायही झटकले.

सर ऑफिसात होते. खोलीत आम्ही तिघीच. खुर्ची देऊनही आत्या बसेना.

ठिपका आला. फेऱ्या फिरू लागल्या.

आत्या रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. पदराचं टोक हातात धरून ती बघत राहिली, चूल पेटते का हे बघतात तशी. चेहरा पूर्ण झाला तेव्हा म्हणाली, "हा डोळा उन्हात असाच बारीक व्हायचा त्याचा. बघ, इसरलीच व्हते मी." मग त्याच्याकडेच बघत, "किती वाळला रं."

मला बरं वाटलं. मला वाटलं, झालं.

"विशे, त्याचा हात कुठं गेला?"

चित्रात त्याचा डावा खांदा आला होता आणि दंड. दंड खाली लोंबत नव्हता. बाजूला गेला होता, कुणीतरी धरल्यासारखा, आणि पडद्यावर फेऱ्या तिथे संपत होत्या.

"अजून दिसंल का?"

किती फेऱ्या काढायच्या तो प्रोग्रॅममध्ये एक आकडा होता. तो वाढवला तरी पुढे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. यंत्राने चूक दाखवून थांबायला हवं. हे मी आत्याला समजावून सांगितलं आणि सांगता सांगता आकडा वाढवला, कारण मलाही बघायचं होतं.

ते थांबलं नाही.

डावीकडे फोटोतली मुलं जशीच्या तशी आली. उजवीकडे भिकनचं मनगट आलं. त्याला धरलेला हात आला. मग एक मुलगी, दोन वेण्यांची, त्याच्याहून उंच. तिच्या पलीकडे आणखी एक, तिच्याहून उंच. तिघं हात धरून उभी. फोटोतल्या मुलांचे पाय जमिनीवर ज्या रेषेत होते त्याच रेषेत त्यांचे पाय होते. सावल्याही त्याच बाजूला.

नूरबानो माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.

"कोण आहेत या?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

आत्याने बोट उचललं. काचेला लावलं नाही, जवळ नेलं. "ही दुसरी. आणि ही थोरली." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, गल्लीतल्या मुली दाखवाव्यात तसं. "उंच झाल्या गं. तुझ्या काकांच्या वळणावर गेल्या."

"आत्या, त्या तर..."

"नाव नव्हतं ठेवलं अजून," ती म्हणाली. "त्यांचं नाव ठेवायचंच राह्यलं."

नूरबानो पुटपुटत होती. मला वाटलं आकडे वाचतेय. ती दुआ वाचत होती.

थोरलीचाही एक हात बाजूला गेला होता.

"अजून," आत्या म्हणाली.

"आत्या, बस झालं."

"विशे. अजून."

ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. आत्ताही ओरडली नाही. मी आकडा वाढवला.

फेरी फिरली.

थोरलीच्या हातात एक हात होता. मोठा हात. बांगड्या. साडीचा काठ. मग खांदा, मग मानेची रेघ, अंबाड्याची अर्धी गोलाई, एक कान, एक डोळा. तिथे टीव्हीची काच संपत होती.

एका बाईची उजवी बाजू. अर्धी.

मी आत्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तो अंबाडा सकाळी मीच घातला होता.

"अर्धीच आले," आत्या म्हणाली.

तिच्या आवाजात भीती नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"मला पुरती येऊ दे. एकच फेरी."

माझा हात कळांवर होता. आकडा आणि एक बटण.

"विशू, नको," नूरबानो म्हणाली.

पडद्यावर चौघंही आमच्याकडे बघत होती. फोटोतली मुलं फोटोवाल्याकडे बघतात तशी, आता काय ते सांगा, अशी.

मी भिंतीवरचा खटका खाली ओढला.

टीव्हीच्या मधे एक पांढरा ठिपका उरला आणि विझला. आत्या काही वेळ काळ्या काचेत बघत राहिली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "भ्यालीस?" ती म्हणाली. "बरं. राहू दे." बाहेर येऊन तिने चपला घातल्या आणि नूरबानोला विचारलं, दादीचे गुडघे कसे आहेत.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि त्र्यंबक नाक्यापर्यंत गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा गाळत होती. आत्याने कप घ्यायला उजवा हात पुढे केला आणि कप हातातून सरळ खाली गेला. ती फुटलेल्या कपाकडे बघून हसली. तिचं अर्धंच तोंड हसलं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी रक्तदाब, मेंदूतली गाठ, सगळं समजावून सांगितलं. उजवी बाजू पूर्ण गेलीय. हात, पाय, बोलणं. मी सगळं नीट ऐकलं आणि नीट प्रश्न विचारले. डॉक्टर बाबांना म्हणाले, मुलगी हुशार आहे. आत्याला आधीपासून रक्तदाब होता, गोळ्या ती विसरायची, हे खरंच आहे. मी ते स्वतःला रोज सांगते आणि त्यात कुठे चूक सापडत नाही.

प्रदर्शनात आम्ही एका मोराचं चित्र मांडलं. मधे मोराचा डोळा, भोवती फेऱ्या. दुसरा नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, ही मांडणी कशी सुचली? नूरबानो माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, क्रोशावरून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती कॅसेट माझ्याकडे आहे. सरांनी शाळेच्या कपाटातून ती मी न मागताच मला काढून दिली. ते म्हणाले, "मी एकदा लावून पाहिली. काहीच नाही तिच्यावर, जवळजवळ कोरी आहे." मग म्हणाले, "पण चित्र येतं."

ती पुसून टाकावी असं नूरबानोला वाटतं. पुसली तर त्यातल्या अर्ध्या आत्याचं काय होईल, हे तिला सांगता येत नाही, आणि मलाही नाही. पुढे एक फेरी काढली तर काय होईल, हे मात्र मला कळतं. म्हणून मी कॅसेटच्या मागची ती छोटी प्लास्टिकची कड मोडून टाकली, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. कॅसेट माझ्या कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी आहे. काढायची नाही, पुसायची नाही.

आत्या एकच शब्द बोलते. तोंड वाकडं होतं, लाळ येते, आईला तो कळत नाही. आईला वाटतं ती पाणी मागतेय. ती 'फेरी' म्हणते. माझ्याकडे बघून म्हणते, रागाने नाही. मी नाही म्हणते. मग ती डोळे मिटते, आणि मला ठाऊक आहे की आता तिला तो समदा दिसतो.

हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं होतं, निकामी हाताची मूठ आवळून बसते, म्हणून तळव्यात टॉवेलची गुंडाळी ठेवत जा. ते काम माझं आहे. शाळेतून आले की मी आत्याची उजवी मूठ उघडते, नॅपकिनची घट्ट गुंडाळी करून आत बसवते, आणि हातपाय धुवायला जाते.

परत येते तेव्हा मूठ रिकामी असते, बोटं अर्धी उघडी, तळवा ऊन आणि घामेजलेला. डावा हात, जो हलतो, तो गारच असतो. खोलीत तिच्याशिवाय कुणी नसतं.

नॅपकिन उशाशी असतो. त्याची घडी घातलेली असते, चार पदरी, कडा जुळवायचा प्रयत्न केलेली पण न जुळलेली, लहान मुलं घालतात तशी.